६३ मिमीच्या पाइपातला टँकर

तारापूर औद्योगिक वसाहतीतून निघायचे, बोईसर ओलांडायचे आणि चिल्हार फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागायचे, हा इथल्या मालवाहू गाड्यांचा रोजचा रस्ता. त्या रस्त्याच्या कडेला तासभर उभे राहिले तर ट्रकांचे सगळे गोत्र डोळ्यांखालून जाते. साखळदंडांनी जखडलेल्या पोलादी कॉइल, ड्रम भरून ताडपत्री आवळलेल्या गाड्या, न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघालेले कंटेनर, आणि अ‍ॅसिडचे टँकर. यातली एक गाडी, खऱ्या मापांना धरून, हातभर लांबीची करून टेबलावर उभी करायची, तर काम कसे चालते ते या लेखात सांगतो. उदाहरणाला टँकर घेतला आहे. तो दिसायला अवघड वाटतो, प्रत्यक्षात नवशिक्याला ट्रेलरपेक्षा सोपा जातो.

स्केल मॉडेलचे किट म्हणजे प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो सुटे भाग, रबरी टायर, काही डेकल (भिजवून चिकटवायची छापील चित्रे) आणि क्रमवार चित्रांची पुस्तिका. भाग निपरने तोडायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, रंगवायचे. ट्रकच्या किटमध्ये इटलीची इटालेरी आणि जर्मनीची रेवेल ही मोठी नावे. दोघींचे माप १:२४. अमेरिकेच्या एएमटीच्या गाड्या १:२५ मापाच्या. जपानच्या तामियाचे रिमोटवर धावणारे ट्रक १:१४ मापाचे. त्यांची मालिका १९९३ मध्ये ‘किंग हॉलर’पासून सुरू झाली. या सगळ्यांच्या यादीत व्होल्वो, स्कॅनिया, मर्सिडीज, पीटरबिल्ट, केनवर्थ अशी युरोपी आणि अमेरिकी मंडळी. व्होल्वो आणि स्कॅनिया आपल्याकडे अवजड यंत्रे ओढताना दिसतात, पण बोईसरच्या रस्त्यावर शंभरातल्या बहुतेक गाड्या टाटा आणि अशोक लेलँडच्या, आणि त्या डब्यात मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या ट्रकचे मॉडेल म्हणजे अर्धे किट आणि अर्धी घरची बांधणी. मला हाच या छंदाचा सर्वांत चांगला भाग वाटतो.

किटखेरीज आणखी एक दुकानही आहे: सुटे जादा भाग विकणाऱ्या छोट्या कंपन्या. ब्रिटनची केएफएस, चेक प्रजासत्ताकातली सीटीएम, ऑस्ट्रेलियाची ऑसलो या कंपन्या रेझिनमध्ये ओतलेल्या केबिन, चाके, टायर, अ‍ॅक्सल आणि चॅसीचे भाग करतात. काम सुबक असते. मात्र खर्चाचा विचार आधी करावा लागतो. सीमाशुल्काच्या यादीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच प्रकरणात मोडते, आणि आयात खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. परदेशातून मागवलेला प्रत्येक डबा त्या हिशेबाने महागतो. म्हणून माझा नियम असा: जे गोल आहे आणि एकसारखे पुष्कळ लागते, म्हणजे रिम, टायर, हब, ते विकत घ्यावे. जे सपाट आहे, वाकवता येते किंवा नळीतून निघते, ते घरी करावे.

माप १:२४ ठेवा. याचे एक साधे कारण आहे: एक फूट म्हणजे अर्धा इंच. बॉडी बांधणारे, पत्राकाम करणारे अजूनही फुटांत बोलतात, त्यामुळे त्यांनी सांगितलेले माप डोक्यातल्या डोक्यात उतरवता येते. साडेसात फूट रुंद हौदा म्हणजे पावणेचार इंच. मेट्रिकमध्ये काम करायचे तर मिलिमीटरला २४ ने भागायचे. वीस फुटी कंटेनर ६,०५८ मिमी लांब, २,४३८ रुंद आणि २,५९१ उंच असतो. तो २५२ × १०२ × १०८ मिमी होतो. चाळीस फुटी कंटेनर ५०८ मिमीचा, म्हणजे घरातल्या साध्या फळीवरून बाहेर डोकावतो. टँकर घेण्याचे हेही एक कारण.

आता कोणता टँकर? टाटाच्या गाडीवरचा आकडाच तिची ओळख सांगतो. पहिले दोन अंक एकूण वजनाचे, टनांत. पुढचे दोन अंक अश्वशक्तीचे, दहाच्या पटीत. १६१३ म्हणजे १६ टन, १३० अश्वशक्ती. २५१८ म्हणजे २५ टन, १८०. आपण ३११८ धरू: ३१ टन, चार अ‍ॅक्सल, बारा चाके, पुढचे दोन्ही अ‍ॅक्सल वळणारे. टाकीसकट रिकामी गाडी साधारण ११ टनांची धरली, तर माल उरतो २० टनांचा.

इथे रसायनशास्त्र मॉडेलच्या मदतीला येते. तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडची घनता १.८४, म्हणजे एका लिटरचे वजन १.८४ किलो. २० टन अ‍ॅसिडला जागा लागते ती जेमतेम ११ हजार लिटरची. तेवढ्याच वजनाच्या पाण्याला २० हजार लिटर लागले असते. म्हणून सल्फ्युरिकच्या टँकरची टाकी गाडीच्या मानाने बारीक दिसते, आणि टाकी पाहून आत काय असेल याचा अंदाज बांधता येतो. सहा मीटर लांबीच्या टाकीत ११ हजार लिटर बसवायचे, तर व्यास दीड मीटरच्या आसपास येतो. दीड मीटरला २४ ने भागले की ६२.५ मिमी. आणि प्लंबिंगच्या दुकानात पीव्हीसी पाइप कोणत्या बाहेरच्या मापात मिळतात? ५०, ६३, ७५, ९०, ११० मिमी. ६३ मिमीच्या पाइपाचा २५ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे २० टन सल्फ्युरिकची टाकी, तयार.

तोच हिशेब हायड्रोक्लोरिकला लावून पाहा. बाजारातल्या साधारण ३० ते ३३ टक्के तीव्रतेच्या आम्लाची घनता १.१६ च्या जवळ. २० टनांना सुमारे १७ हजार लिटर. तिथे ७५ मिमीचा पाइप आणि २८ सेंटिमीटर लांबी लागेल. टाकीचे साहित्यही बदलते. तीव्र सल्फ्युरिक साध्या पोलादी टाकीत चालते, कारण पोलादावर लोहसल्फेटचा पातळ थर बसून तो पुढची झीज रोखतो. हायड्रोक्लोरिकला आतून रबराचे अस्तर किंवा फायबरची टाकी लागते. म्हणजे एकीवर वेल्डिंगचे सांधे दाखवायचे, दुसरी फायबरची असेल तर ते नाहीत. मॉडेल पाहणारा हे बोलून दाखवणार नाही, पण त्याचा डोळा ते टिपतो.

माप घेण्याचे काम सुरुवातीचे आणि सर्वांत महत्त्वाचे. कंपनीच्या फाटकाशी कॅमेरा घेऊन उभे राहू नका. ढाब्यावर किंवा वाहनतळावर थांबलेल्या गाडीच्या चालकाला विचारा. गाडीबद्दल आस्थेने विचारणारा माणूस चालकांना आवडतो. टेप लावायला मिळाला तर अ‍ॅक्सलांमधली अंतरे, चॅसीची जमिनीपासूनची उंची, केबिनची रुंदी आणि उंची, टाकीचा घेर एवढे तरी घ्या. घेराला ३.१४ ने भागले की व्यास. टेप लावता आला नाही तर बाजूने, बरेच लांब उभे राहून, झूम करून फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि टोके आक्रसतात. फोटोतली मोजपट्टी म्हणून टायर वापरायचा. आपल्याकडच्या अवजड गाड्यांवर २९५/९० आर २० हे माप फार चालते. त्याचा व्यास १,०४० मिमी. छापील फोटोत टायर २६ मिमीचा आला तर फोटोचे प्रमाण १:४० झाले, आणि बाकीचे सगळे त्यावरून निघते. टायरचा व्यास आडवा मोजा. उभा मोजला तर वजनाने दबलेला टायर चुकीचे उत्तर देतो.

हे आकडे आलेखाच्या कागदावर १:२४ मध्ये उतरवा. बाजू, समोर, मागे आणि वरून असे चार नकाशे. पुढे कापायचा प्रत्येक तुकडा या कागदावर ठेवून पाहायचा आहे, तेव्हा घाई नको.

चॅसीपासून बांधणीला सुरुवात. किटमधले भाग आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवून वाळवा, साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेल त्यांवर असते आणि त्यावर रंग धरत नाही. किट निवडताना एक गोष्ट बघा: मागे पाटे आहेत की हवेच्या पिशव्या. आधुनिक युरोपी ट्रॅक्टरला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, मागे एअर सस्पेन्शन असते, आपल्या गाड्यांना पाटे. म्हणून जुन्या पिढीच्या मर्सिडीजचे किट मिळाले तर ते घ्यावे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. जुन्या टाटाच्या अंगात ते रक्त दिसते, आणि जुन्या मर्सिडीजचे भाग तिच्याखाली शोभतात. पिशव्यांचे किट हाती आले तरी अडत नाही. पिशव्या काढून टाका आणि अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन शीटच्या (किटच्याच जातीचे प्लास्टिक) साडेतीन मिमी रुंद पट्ट्या एकावर एक, उतरत्या लांबीने चिकटवून पाट्यांचा जुडगा करा. खऱ्या पाट्याची जाडी १२ मिमीच्या पुढे आणि रुंदी ८० च्या आसपास; २४ ने भागले की हीच मापे येतात.

ट्रॅक्टरची चॅसी टँकरला अपुरी पडते. ती मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे सरळ कापायची आणि मध्ये जोड द्यायचा. जोड देताना आतल्या बाजूने, कापाच्या दोन्हीकडे किमान तीन सेंटिमीटर जाईल अशी पट्टी चिकटवा. नुसत्या कडेला कड लावलेला सांधा टाकीच्या वजनाने पुढे वाकतो. चॅसीच्या दोन्ही रेल काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून चिकटवल्या तर गाडीची सगळी चाके जमिनीला टेकतील. रेलच्या बाहेरच्या अंगांत साधारण ३५ मिमी अंतर हवे. दुसरा वळणारा अ‍ॅक्सल किटमध्ये नसतो. पहिल्याचा सिलिकॉन रबराचा साचा करून रेझिनमध्ये ओतणे हा चांगला मार्ग; थ्रीडी प्रिंटर कुणाकडे असेल तर आणखी सोपे.

गोंदांविषयी थोडे सविस्तर, कारण इथे तीन वेगळी प्लास्टिके एकत्र येतात. स्टायरीनला स्टायरीन जोडायला मॉडेलचा पातळ सिमेंट. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, म्हणून कमीत कमी लावायचा. रेझिनला आणि पीव्हीसीला तो धरत नाही. तिथे फेविक्विकच्या जातीचा गोंद किंवा अ‍ॅरल्डाइट. प्लंबरचे पीव्हीसी सोल्युशन स्टायरीनजवळ आणूही नका, त्याने पातळ भाग वितळून जातात. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. दातिवऱ्यासारख्या खाडी आणि समुद्राच्या बेचक्यातल्या गावात तो फार झपाट्याने धरतो, आणि त्याची वाफ शेजारच्या काचेवर पांढरा धूर बसवते. केबिनच्या काचा म्हणूनच सर्वांत शेवटी, पांढऱ्या फेविकॉलच्या बारीक रेघेने बसवाव्यात.

चाकांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि आपला ट्रक युरोपी दिसतो तो इथेच. युरोपी किटमधली रिम साडेबावीस इंची असते, १:२४ मध्ये २३.८ मिमी. आपली वीस इंची रिम २१.२ मिमी. बाहेरचा टायर जवळपास तेवढाच, म्हणजे आपल्या चाकात रबर जास्त आणि लोखंड कमी. अडीच मिलिमीटरचा हा फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतो. तेव्हा पैसे खर्च करायचे असतील तर वीस इंची रिमांवर आणि उंच बाजूच्या टायरांवर करा. ट्यूबच्या टायरची वीस इंची रिम तुकड्यांची असते, तिला लॉक रिंग असते. तांब्याच्या बारीक तारेचे कडे रिमच्या काठावर बसवले की ती दिसू लागते. ट्रेलर करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. युरोपी ट्रेलरला प्रत्येक टोकाला एकच रुंद टायर असतो, आपल्या नेहमीच्या तीन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला जोडटायर, म्हणजे सहाच्या जागी बारा. किटमधल्या रबरी टायरांतला मऊपणा देणारा घटक काही वर्षांनी पाझरतो आणि प्लास्टिकच्या रिमला चिकट करून खातो, उन्हाळ्यात अधिकच. रिमला प्रायमर आणि रंगाचे पूर्ण आवरण दिल्याशिवाय टायर चढवू नयेत.

गाडी भरलेली दाखवायची की रिकामी, हे चाके बसवण्याआधी ठरवा. भरलेल्या गाडीचे पुढचे पाटे जवळजवळ सरळ होतात आणि टायरचा तळ पसरतो. रेझिनचा टायर असेल तर तळाला पॉलिश पेपरवर घासून अर्धा मिलिमीटर सपाट करावा. रिकाम्या गाडीचे पाटे कमानदार ठेवावेत. कॉइलच्या ट्रेलरला तर हे फारच लागू आहे. दीड मीटर व्यासाची, सव्वा मीटर रुंद आणि मध्ये अर्ध्या मीटरचे भोक असलेली पोलादी कॉइल सुमारे १५ टनांची होते. एवढ्या मोठ्या ट्रेलरवर दोनच कॉइल ठेवल्या तरी तो पूर्ण भरलेला असतो. बिनमाहितीचा मनुष्य शोभेसाठी सहा ठेवतो आणि गाडी खोटी होते.

केबिन घरी करायची. टाटाच्या एलपीटी गाड्यांची केबिन सपाट पत्र्यांची, चौकोनी वळणाची, म्हणून शीटमधून ती जमते. एक मिलिमीटरच्या शीटवर नकाशा चिकटवून आधी खिडक्या कापा, मग बाहेरची कड. उलट केले तर खिडकीच्या कोपऱ्यातून तुकडा मोडतो. समोरचा भाग थोडा बाकदार असेल तर पट्टी गरम पाण्यात धरून बाटलीभोवती वळवायची. चारही कोपऱ्यांच्या आत चौकोनी काड्या लावा, मग बाहेरून कोपरा हवा तेवढा गोल घासता येतो आणि सांधा उघडा पडत नाही. दरवाजाच्या फटी सुरीच्या उलट्या बाजूने दोन-तीनदा हलकेच ओढून खोल करायच्या. किटमधले स्टिअरिंग बहुधा डाव्या बाजूला असते. काही डब्यांत दोन्ही बाजूंचे डॅशबोर्ड येतात, ते पाहूनच घ्या. नसेल तर डॅशबोर्ड मधोमध कापून दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करावी लागते, आणि पेडल, आसन, खालचा स्टिअरिंग बॉक्सही उजवीकडे आणावा लागतो. वायपरची दिशाही तपासा.

टाकीकडे वळू. पाइप सुतारी करवतीने कापला तर काप तिरका जातो. भोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या काठाने रेघ मारा आणि बारीक दात्याच्या हॅक्सॉने फिरवत कापा. वरची छापील अक्षरे आणि चकाकी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण घालवा, नाहीतर प्रायमर पापुद्र्यासारखा निघतो. टोकांची झाकणे फुगीर हवीत. लाकडाचा ६० मिमीचा गोल, वरून हलका फुगीर घासलेला ठोकळा घ्या. फळीत त्याहून दोन-तीन मिमी मोठे भोक पाडा. फळीला एक मिलिमीटरची शीट टाचून मंद आचेपासून लांब धरून मऊ करा आणि ठोकळ्यावर एका दमात दाबा. वारा नसलेल्या, खिडकी उघडी असलेल्या जागी करा आणि हातमोजे घाला. फट राहिली तर एम-सील भरून घासावे.

पोलादी टाकी पत्र्याचे पट्टे वाकवून आणि एकमेकांना वेल्ड करून बनते. पत्रा दीड मीटर रुंद धरला तर मॉडेलवर दर साडेबासष्ट मिमीला एक गोल सांधा येतो. २५ सेंटिमीटरच्या टाकीवर असे तीन. किटची उरलेली चौकट मेणबत्तीवर मऊ करून ताणली की केसासारखा धागा निघतो, तोच सांध्यावर चिकटवायचा. वर मॅनहोल, चालायची जाळी, मागे किंवा बाजूला शिडी, खाली व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेला पाइप, टाकीखाली तीन-चार खोगिरे. ब्रेकच्या हवेच्या नळ्यांना विजेच्या वायरमधली एक तार पुरते: अर्ध्या मिलिमीटरची तार म्हणजे खऱ्या मापात १२ मिमीची नळी. मडगार्डचे रबर सायकलच्या ट्यूबमधून, साखळी इमिटेशन दागिन्यांच्या दुकानातून.

रंगकाम पावसाळ्यात शक्यतो टाळा. लॅकर फवारला की त्यातले थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि रंगावर दुधी पडदा येतो. किनारपट्टीवर दिवाळीनंतरचे महिने उत्तम. वर्षाच्या बाकी काळात पाण्याचे अ‍ॅक्रिलिक वापरा, थर पातळ ठेवा आणि वाळायला दुप्पट वेळ द्या. गॅरेजमधला एनसी थिनर स्टायरीनवर पुसायलाही वापरू नये. एअरब्रश असेल तर छान, नसेल तर प्रायमरचा डबा आणि चांगला सपाट ब्रश यांवरही पहिली गाडी देखणी होते. कॉम्प्रेसर ही पुढच्या वर्षीची खरेदी असू द्या.

मग अक्षरे. व्यावसायिक गाडीची पाटी पिवळी, त्यावर काळी अक्षरे. अवजड गाडीची पाटी ३४० × २०० मिमीची, म्हणजे १४.२ × ८.३. वसई-पालघर भागातल्या गाड्यांना एमएच ४८. तो क्रमांक सुरू होण्याआधीची, ठाण्याला नोंदलेली गाडी असेल तर एमएच ०४. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचे का, हे गाडीच्या सालावर ठरवा. महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन विभागाने त्यावर बंदी घातली.

धोकादायक मालाच्या टँकरवर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आपत्कालीन माहितीचा फलक लागतो, आणि त्याची मापे ठरलेली आहेत. रसायनाचे नाव किमान ५० मिमी उंच अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १०० मिमी उंच आकड्यांत, वर्गाचे चिन्ह किमान २५० मिमीचे. मॉडेलवर अनुक्रमे २.१, ४.२ आणि १०.४ मिमी. सल्फ्युरिकचा क्रमांक १८३०, हायड्रोक्लोरिकचा १७८९. दोन्ही आठव्या वर्गातली, म्हणजे क्षरणकारी. चिन्ह चौकटच्या आकाराचे, वरचा अर्धा पांढरा, त्यात हातावर आणि धातूवर सांडणारा द्रव, खालचा अर्धा काळा. हे डेकल कागदावर लेझर प्रिंटरने छापता येते. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढऱ्या पृष्ठाचा डेकल कागद घ्या. रेडियमच्या दुकानात उरलेल्या कात्रणांतून दोन मिमीच्या पट्ट्या कापल्या की ५० मिमीच्या रिफ्लेक्टर पट्ट्या झाल्या: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. बंपरच्या लिंबाला मोहरीचा दाणा पिवळा रंगवून लावा, तो या मापात नेमका बसतो.

शेवटची पायरी जुनेपण देण्याची. युरोपी पुस्तिकांत धुळीला फिकट बदामी रंग सांगितलेला असतो. आपला डोंगर बेसॉल्टचा, खडी बेसॉल्टची, त्यामुळे इकडची रस्त्यावरची धूळ करडी-तपकिरी. खरी माती चाळून लावू नका. पाव मिलिमीटरचा कण १:२४ मध्ये सहा मिमीचा खडा दिसतो. मऊ पेस्टल खडू सुरीने खरवडून काळा, पांढरा आणि थोडा तपकिरी मिसळा, कोरड्या ब्रशने खालून वर लावत जा. गंज दाखवायला खडे मीठ वापरतात, आणि मिठागरांच्या या पट्ट्यात ते मुबलक आहे. आधी तपकिरी-नारिंगी गंजाचा थर द्या, वार्निश करा, हवे तिथे पाणी लावून मिठाचे दाणे टाका, वाळल्यावर वरचा रंग फवारा, मग बोटाने मीठ पुसून काढा. दाण्यांच्या जागी पोपडे उडालेला रंग आणि खालचा गंज दिसतो. तो कुठे द्यायचा हे मात्र विचार करून ठरवा. अ‍ॅसिडच्या टँकरचा रंग मॅनहोलपासून पोटावर उतरणाऱ्या ओघळांत आणि व्हॉल्व्हच्या आजूबाजूला जातो. पायरीचा रंग बुटांनी झिजतो. दरवाजाच्या हँडलभोवती रंग उडत नाही, तिथे हाताच्या तेलाची काळसर झाक येते. जिथे कारण सापडत नाही तिथे गंज देऊ नये.

एवढे सगळे एका गाडीत साधायचा आग्रह धरू नका. पहिल्यांदा एखादे साधे किट पुस्तिकेप्रमाणे पूर्ण करा, म्हणजे गोंद, पेपर आणि रंग हाताला कळतील. दुसऱ्या गाडीत चाके बदला. टाकी तिसरीला.

आणि एक विनंती. आपल्याकडचे जुने ट्रक झपाट्याने रस्त्यावरून जात आहेत; २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले, आणि गावागावांतल्या बॉडी बिल्डरांनी हाताने बांधलेल्या केबिन आणि फाळके त्यांच्याबरोबर संपत आहेत. त्यांचे नकाशे कंपनीकडे नसतात, कारण कंपनीने ते बांधलेच नव्हते. तुम्ही एखाद्या गाडीची मापे घेतलीत तर ती पेन्सिलच्या कच्च्या आकड्यांत ठेवू नका. स्वच्छ कागदावर, गाडीचे साल, बांधणीचे गाव आणि मोजल्याची तारीख लिहून चारही बाजूंचे नकाशे काढा आणि मागेल त्याला प्रत द्या.